सल्ल्याची पुंजी : अनुभवी माणसाची साथ आणि छोटा धंदा

एखादे दुकान बंद पडले की मोहल्ल्यात एकच गोष्ट ऐकू येते, "बिचाऱ्याचे भांडवल कमी पडले." आपणही मान हलवतो आणि पुढे जातो. परंतु अशा दहा दुकानांचा हिशेब कुणी नीट तपासला, तर त्यातल्या बऱ्याच ठिकाणी वेगळेच चित्र दिसते. भांडवल होते, पण ते उधारीत अडकले होते. गिऱ्हाईक होते, पण भाव ठरवताना खर्च धरला गेला नव्हता. कारागिरी उत्तम होती, पण खराब झालेला माल कुणी मोजत नव्हते. आणि हे सर्व वेळेवर दाखवून देणारे, चार पावसाळे जास्त पाहिलेले माणूस जवळ नव्हते. बहुधा ते त्याच बाजारात, चार दुकाने पलीकडे बसलेले असते. पण त्याला विचारण्याची पद्धत नव्हती आणि त्याने स्वतः होऊन सांगण्याचीही नव्हती.

आजच्या लेखात आम्ही याच विषयाचा विचार करणार आहोत. अनुभवी व्यापाऱ्याने मोबदला न घेता नवख्या व्यावसायिकाला नियमितपणे मार्गदर्शन केले तर त्याचा खरोखर उपयोग होतो काय? होत असेल तर कसा होतो, कुठे कमी पडतो, आणि आपल्या मोहल्ल्यात ते कसे करता येईल?

उस्ताद-शागीर्दीत काय राहून गेले?

आपल्या कारागिरांना ही कल्पना नवी वाटू नये. उस्ताद आणि शागीर्द हे नाते आपल्या प्रत्येक हुनरात आहे. मिरजेच्या सतार-तंबोरा बनविणाऱ्या घराण्यांचे उदाहरण घ्या. ही मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारी आणि ती दुरुस्त करणारी. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा त्यांनी हात तंतुवाद्यांकडे वळवला, आणि भोपळा निवडण्यापासून जवारी लावण्यापर्यंतचे ज्ञान बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागीर्दाकडे जात राहिले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या परंपरेचेच फळ आहे.

परंतु उस्तादाने हात शिकवला तरी हिशेब बहुधा शिकवला नाही. लाकूड कसे ओळखावे हे सांगितले. उधारी किती दिवस ठेवावी, घरखर्च आणि दुकानखर्च वेगळा कसा करावा, मागणी वाढली तर आधी माणूस वाढवावा की यंत्र, हे ज्याने त्याने ठोकर खाऊन शिकायचे, अशीच रीत पडली. शिंप्यापासून बेकरीवाल्यापर्यंत, यंत्रमागवाल्यापासून गॅरेजवाल्यापर्यंत सर्वत्र हाच प्रकार दिसतो. स्वयंसेवी मार्गदर्शनाचे काम नेमके इथे आहे. ज्या गोष्टी उस्तादाने शिकवल्या नाहीत, त्या शिकवणारा दुसरा उस्ताद मिळवून देणे, एवढाच त्याचा अर्थ.

इतरत्र काय घडले?

अमेरिकेत १९५३ साली छोट्या उद्योगांसाठी एक सरकारी खाते स्थापन झाले. त्याच दशकात डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन शहरात काही निवृत्त अधिकारी एकत्र आले आणि अडचणीतील छोट्या व्यावसायिकांना फुकट सल्ला देऊ लागले. असे प्रयोग पाहून त्या सरकारी खात्याने १९६४ साली 'स्कोअर' नावाची देशव्यापी स्वयंसेवी संघटना उभी केली. सुरुवातीला तिचे नावच 'निवृत्त अधिकाऱ्यांचे सेवा-दल' अशा अर्थाचे होते. पुढे धंद्यात असलेली माणसेही तिच्यात आली. आज सुमारे १० हजार स्वयंसेवक तिच्यासाठी काम करतात. सल्ल्याचे पैसे घेतले जात नाहीत, आणि समोरच्या माणसाची माहिती बाहेर जाऊ देणार नाही हे प्रत्येक स्वयंसेवकाला लिहून द्यावे लागते. १९६४ पासून १ कोटी १० लाखांहून अधिक लोकांना मदत केल्याचे ही संघटना सांगते.

इंग्लंडमध्ये तेव्हाचे युवराज आणि आताचे राजे चार्ल्स यांनी १९७६ साली तरुणांसाठी एक न्यास काढला. बेकार तरुणाला धंद्यासाठी नुसता पैसा न देता त्याच्याबरोबर एक अनुभवी माणूसही द्यायचा, हे त्याच्या उद्योग-योजनेचे सूत्र होते. त्याच धर्तीवर आपल्या देशात १९९२ साली भारतीय युवा शक्ती ट्रस्टची स्थापना झाली. जे. आर. डी. टाटांसारख्या उद्योगपतीचा तिला सुरुवातीपासून आधार होता. ही संस्था दिल्लीत सुरू झाली आणि पुढे आपल्या पुण्याकडेही तिचे काम पोहोचले. गरीब घरातील तरुणाला बँकेपर्यंत नेणे आणि प्रत्येकामागे एक मार्गदर्शक उभा करणे, अशी तिची रीत आहे. बँकेचे कर्ज घ्यावे की नाही, हा प्रश्न आपल्या अनेक वाचकांच्या दृष्टीने व्याजामुळे वेगळा ठरतो, आणि त्याचा निर्णय ज्याने त्याने करायचा आहे. मार्गदर्शनाला मात्र ती अडचण नाही. सल्ला घ्यायला तारण लागत नाही आणि त्यावर व्याजही चढत नाही.

वर्गातील धडा की बाजारातील अनुभव?

एखाद्या संस्थेने "आम्ही इतक्यांना मदत केली" असे सांगणे वेगळे आणि त्या मदतीने नफा वाढला असे सिद्ध होणे वेगळे. म्हणून दोन अभ्यासांची माहिती वाचकांपुढे ठेवणे आम्हास अगत्याचे वाटते.

पहिला अभ्यास केनियाच्या नैरोबी शहरातील दांडोरा या गरीब वस्तीतला असून तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. तिथे छोटा धंदा करणाऱ्या तरुण स्त्रियांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला वर्गात बसवून व्यापाराचे शिक्षण दिले. दुसऱ्या गटातील प्रत्येकीला त्याच वस्तीतील एक यशस्वी, अनुभवी व्यापारी स्त्री जोडून दिली. तिसऱ्या गटाला काहीच दिले नाही. वर्गात शिकलेल्या गटाचा नफा काही वाढला नाही. अनुभवी बाईशी जोडलेल्या गटाचा नफा मात्र तिसऱ्या गटाच्या मानाने सरासरी २० टक्क्यांनी जास्त भरला.

असे का झाले? कारण अगदी साधे निघाले. वर्गातील शिक्षकाने हिशेबाचे नियम सांगितले. त्या अनुभवी बाईने मात्र सांगितले की हा माल अमुक ठिकाणी स्वस्त मिळतो, तमुक व्यापारी बरा आहे, असा भाव मागून बघ. म्हणजे फायदा प्रामुख्याने खरेदीत झाला. ही माहिती पुस्तकात नसते; ती त्या बाजारात उठबस करणाऱ्याजवळच असते. आणखी एक गोष्टही या अभ्यासात दिसली. भेटीगाठी थांबल्या तसा हा फायदाही ओसरत गेला, कारण बाजार बदलत राहतो आणि कालची माहिती आज शिळी होते.

दुसरा अभ्यास आपल्या घरचा आहे. मुंबईच्या उत्तरेस तारापूर आणि उंबरगाव भागातील सुती कापड विणणाऱ्या १७ कंपन्यांच्या २८ कारखान्यांत २००८ च्या सुमारास तो सुरू झाला आणि २०१३ साली प्रसिद्ध झाला. काही कारखान्यांना पाच महिने जाणकार सल्लागार फुकट देण्यात आले. हे सल्लागार पगारी होते आणि कारखानेही आपल्या भिवंडी-मालेगावच्या शेडपेक्षा मोठे होते, हे खरे. पण त्यांनी सांगितलेल्या गोष्टी ऐकण्यासारख्या आहेत. यंत्र बंद पडण्याआधी त्याची देखभाल करा. कापडात कोणता दोष किती वेळा आला ते रोज लिहा. सुताचा साठा लेबल लावून, नीट रचून ठेवा. जमिनीवरचा पसारा उचला. एवढ्याने पहिल्याच वर्षी त्या कारखान्यांची उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

मग मालकांनी हे आधीच का केले नव्हते? काहींना या पद्धती ठाऊकच नव्हत्या. पुष्कळांना ठाऊक होत्या, पण "आपला धंदा बरा चालला आहे, याने काय फरक पडणार?" असे वाटत होते. बाहेरचे माणूस येऊन दाखवून देईपर्यंत घरातील दोष दिसत नाही, याचे याहून चांगले उदाहरण आम्हास ठाऊक नाही. त्याच कारखान्यांत आठ-नऊ वर्षांनी पुन्हा पाहणी झाली, तेव्हा सुरू केलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. उरलेल्यांचा लाभ मात्र टिकून होता.

एक हिशेब

आता ही गोष्ट आपल्या पातळीवर आणून पाहू. पुढील उदाहरण आम्ही समजावण्यासाठी रचले आहे, पण असा हिशेब कोणत्याही गल्लीत सापडेल.

समजा, एक भाई शाळेच्या बॅगा शिवून दुकानदारांना देतो. एका बॅगेला रेक्झिन, चेन, अस्तर मिळून १४० रुपये लागतात आणि शिलाई ३५ रुपये. बॅग २०० रुपयांना जाते. भाई म्हणतो, "बॅगेमागे २५ रुपये सुटतात. महिन्याला ६०० बॅगा, म्हणजे १५ हजार. अल्लाची मेहरबानी आहे." तरीही रेक्झिनवाल्याची बाकी दर महिन्याला वाढतच चालली आहे, आणि ती का वाढते ते त्याला उमगत नाही.

एक बुजुर्ग व्यापारी त्याच्याजवळ येऊन बसतात. ते उपदेश करीत नाहीत, विचारतात. गाळ्याचे भाडे किती? ६,००० रुपये. वीज? १,८०० रुपये. टेम्पो-रिक्षा? २,४०० रुपये. खराब होऊन परत येणाऱ्या बॅगा? भाईने कधी मोजल्या नव्हत्या. महिनाभर मोजल्यावर त्या १८ निघाल्या, म्हणजे १७५ च्या दराने ३,१५० रुपये. एकूण खर्च १३,३५० रुपये. हातात उरले १,६५० रुपये. आणि घरखर्चासाठी गल्ल्यातून किती उचलता? ९,००० रुपये. म्हणजे दरमहा ७,३५० रुपयांचा खड्डा पडतो आहे आणि तो रेक्झिनवाल्याच्या उधारीने भरला जातो आहे. बाकी वाढण्याचे कारण हे होते.

पुढचा प्रश्न : दुकानदारांकडे तुमचे किती अडकले आहेत? ७० हजार. बुजुर्ग म्हणतात, "भाव वाढवायचे नंतर पाहू. आधी हे आणा." दोघे मिळून यादी करतात, कुणाकडे कोणत्या दिवशी जायचे ते ठरते, आणि जुनी बाकी दिल्याशिवाय नवा माल अर्धाच द्यायचा, असा नियम होतो. तीन महिन्यांत ४५ हजार हातात येतात. रोख पैसा दिसताच तोच माल थेट मोठ्या व्यापाऱ्याकडून १२८ रुपयांत पडतो. पंधरा दिवसांच्या ३०० बॅगांचा माल ३८,४०० रुपयांत येतो. शिलाईच्या जागी उजेड वाढवला आणि चेन लावल्यावर प्रत्येक बॅग तपासून पाहिली, तेव्हा खराब बॅगा १८ वरून ६ वर आल्या.

आता पुन्हा हिशेब करा. बॅगेमागे ३७ रुपये, ६०० बॅगांचे २२,२०० रुपये. भाडे, वीज, टेम्पो मिळून १०,२०० रुपये. खराब ६ बॅगा १६३ च्या दराने ९७८ रुपये. हातात उरले ११,०२२ रुपये. घरखर्चाचे ९,००० वजा केले तर २,०२२ रुपये जुनी बाकी फेडायला राहिले. बॅगेचा भाव एक रुपयानेही वाढवला नाही आणि बाहेरून कर्जही काढले नाही. बुजुर्गांनी महिन्यातून दोन वेळा अर्धा-अर्धा तास दिला, एवढेच.

यंत्रमागवाल्याचे प्रश्न वेगळे असतील. मजुरीवर माग चालत असेल तर महिन्यात माग किती तास बंद राहिला आणि कशामुळे, हा पहिला प्रश्न. बेकरीवाल्याला विचारायचे की संध्याकाळी उरलेला माल किती आणि कोणत्या वारी जास्त. घरी बसून मसाले, शिवण, जरीकाम करणाऱ्या भगिनींना विचारायचे की आपल्या स्वतःच्या तासांची मजुरी भावात धरली आहे काय. पद्धत मात्र सर्वत्र एकच : आधी मोजणे, मग बोलणे.

मार्गदर्शकाने पाळावयाचे नियम

१. मोबदला घेऊ नये. पैसा, माल, सवलत, काहीच नाही. मोबदला आला की सल्ल्याचा हेतू संशयित होतो.

२. समोरच्याचा हिशेब ही अमानत आहे. ती आपल्या भावालाही सांगू नये. हा भरवसा एकदा तुटला तर त्या मोहल्ल्यात पुन्हा कुणी वही उघडणार नाही.

३. त्याच बाजारात तोच माल विकणाऱ्याने मार्गदर्शक होऊ नये. धंद्याची जाण असलेला, पण प्रतिस्पर्धी नसलेला माणूस निवडावा.

४. स्वतः कर्ज देऊ नये आणि जामीनही राहू नये. देणे-घेणे आले की खरे बोलणे बंद होते.

५. निर्णय मालकाचाच राहू द्यावा. "असे कर" म्हणण्यापेक्षा "असे केले तर काय होईल?" असे विचारावे.

६. मुदत ठरवावी. निदान एक वर्ष, महिन्यातून दोन भेटी, आणि त्या दुकानातच. घरी चहावर दिलेला सल्ला वेगळा आणि माल, गिऱ्हाईक, गल्ला डोळ्यांनी पाहून दिलेला सल्ला वेगळा.

७. भगिनींसाठी शक्यतो अनुभवी भगिनीच मार्गदर्शक असावी. तिला घर आणि धंदा यांची ओढाताण ठाऊक असते.

शिकणाऱ्याने काय करावे?

जो मदत घेणार त्याचीही जबाबदारी आहे. पहिल्या भेटीआधी ३० दिवसांची एक साधी वही ठेवावी. तिच्यात पाच रकाने पुरेत : विक्री, खरेदी, दिलेली उधारी, खराब माल, आणि घरासाठी उचललेली रक्कम. आकडे लपवू नयेत. वैद्यापासून दुखणे लपवून औषध मिळत नाही. प्रत्येक भेटीत एकच काम ठरवावे आणि पुढच्या भेटीपर्यंत ते करून दाखवावे. सल्ला पटला नाही तर तसे स्पष्ट सांगावे; बुजुर्गांसमोर "जी, जी" म्हणून घरी जाऊन काहीच न करणे, यात दोघांचाही वेळ जातो.

मार्गदर्शकाला सर्व काही ठाऊक असलेच पाहिजे असे नाही. जीएसटी, आयकर, परवाने यांबाबत हिशेबतपासनिसालाच विचारावे. तरी काही गोष्टी मार्गदर्शकाने अवश्य निदर्शनास आणाव्यात. उदाहरणादाखल, जुलै २०२० पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी सरकारकडून मोफत होते. त्यासाठी दलालाला पैसे देण्याचे कारण नाही. २००६ च्या कायद्यानुसार, नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, आणि ती कितीही लांब असली तरी ४५ दिवसांच्या आत दिले पाहिजेत. करार नसेल तर १५ दिवसांत. हे संरक्षण माल बनविणाऱ्यास आणि सेवा देणाऱ्यास आहे, निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यास नाही. बॅगा शिवणाऱ्या आपल्या भाईला हे ठाऊक असते तर त्याने चलन-बिल नीट ठेवले असते आणि वसुलीच्या वेळी त्याचा शब्द वजनदार झाला असता.

हे औषध कुठे चालत नाही?

मार्गदर्शनाने सर्व दुखणी बरी होतात असा आमचा दावा नाही. सुताचे भाव एकदम चढले आणि कापडाची मागणी पडली, तर ते एका बुजुर्गाच्या सल्ल्याने सावरत नाही. ज्या मालाचे गिऱ्हाईकच संपले, तो माल अधिक नीट बनवून विकला जाणार नाही. तिथे धंदा बदलण्याचे धैर्य लागते. खरे भांडवल कमी असेल तर ते उभारावेच लागते. जोडी चुकीची जुळली, म्हणजे मार्गदर्शकाला त्या धंद्याची जाण नसेल किंवा नुसते बोलण्याची हौस असेल, तर नुकसानही होऊ शकते. अशा वेळी तीन महिन्यांनी जोडी बदलण्याची सोय असावी आणि त्यात कुणी मानापमान मानू नये.

सुरुवात कशी करावी?

यासाठी इमारत, फलक, उद्घाटन यांची गरज नाही. बाजारातील पाच-सहा नेक, जाणते व्यापारी आणि नोकरीतून निवृत्त झालेले दोन-तीन बँक किंवा हिशेब खात्यातील लोक एकत्र यावेत. त्यांनी पहिल्या वर्षी दहाच तरुण आणि भगिनी निवडाव्यात. प्रत्येकाची सुरुवातीची वही जपून ठेवावी आणि वर्षअखेर तिच्याशी नवी वही ताडून पाहावी. किती जणांची उधारी कमी झाली, किती जणांच्या हातात जास्त उरले, किती जण मध्येच सोडून गेले, हे प्रामाणिकपणे मोजावे. दहापैकी चौघांना लाभ झाला तरी चार घरांची चूल अधिक निर्धास्तपणे पेटली असे समजावे, आणि उरलेल्या सहांना का झाला नाही याचा शोध घ्यावा.

आपल्या बाजारात साठी ओलांडलेले कितीतरी व्यापारी आता दुकान मुलांवर सोपवून असर ते मगरिब ओट्यावर बसलेले दिसतात. चाळीस वर्षांत कोणता व्यापारी दगा देतो, कोणत्या महिन्यात माल भरावा, गिऱ्हाईकाला नाही कसे म्हणावे, हे सर्व त्यांच्याजवळ आहे. ते त्यांच्याबरोबरच गेले तर पुढच्या पिढीला तीच किंमत पुन्हा मोजावी लागेल. या बुजुर्गांना आमची विनंती आहे की येत्या आठवड्यात एका तरुणाच्या दुकानात जाऊन बसावे आणि त्याला वही मागावी. तरुणांना सांगणे इतकेच की ती वही आज रात्रीच सुरू करावी.